सोशिकपणाचा क्रूस कोणाच्या खांद्यावर?

कामाच्या ठिकाणी होणारा छळ हा आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलण्याचा विषय आहे. मुलगी कचेरीतून परतते आणि न जेवता झोपते. परिचारिका असलेल्या सुनेला रविवारच्या सायंकाळीच उद्याच्या पाळीची धडकी भरते. आपण विचारपूस करतो आणि मग ठेवणीतला सल्ला देतो : ‘सहन कर. प्रभूनेही क्रूस वाहिला.’ हा सल्ला भक्तीचा नसून भीतीचा आहे, असे आम्हांला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

प्रभूने क्रूस स्वेच्छेने स्वीकारला. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून आपण बाजूला उभे राहावे, याला क्रूसभक्ती म्हणत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आपण दरवर्षी गुड फ्रायडेला ऐकतो आणि विसरतो. प्रमुख याजकासमोर एका शिपायाने येशूच्या थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. त्याने मारणाऱ्याला कारण विचारले. अन्यायाचा जाब विचारणे हा नम्रतेचा भंग नव्हे, हे यावरून कळावे.

कामात चूक झाली असता वरिष्ठाने कानउघाडणी करणे म्हणजे छळ नव्हे. पण तीच चूक चारचौघांत वारंवार उगाळणे, हक्काची रजा अडवणे, मुद्दाम गैरसोयीची पाळी लावणे, गोपनीय अहवालाची टांगती तलवार दाखवणे, हा शिस्तीचा नव्हे तर सत्तेचा माज आहे. आणि स्त्रीच्या वाट्याला याहून हीन असे काही येते.

त्याविरुद्धचा कायदा फुकट मिळालेला नाही. १९९२ साली राजस्थानातील भटेरी गावात भंवरीदेवी या ‘साथिन’ने सरकारी योजनेचे काम म्हणून एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली आरोपी त्या आरोपातून निर्दोष सुटले. परंतु ‘विशाखा’ व इतर संघटनांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, एक सदस्य बाहेरचा हवा. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी, घरकामगारांसाठीसुद्धा, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

तरी मे २०२३ मध्ये, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात, या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला खेद व्यक्त करावा लागला. ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ संघांत समितीच नसल्याच्या वृत्ताचा उल्लेख त्या निकालात आहे. इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्या अंगणात पाहावे. आपल्या शाळा, रुग्णालये, पतपेढ्या यांत अशी समिती आहे काय? असल्यास तिच्या सदस्यांची नावे शिक्षिकेला, शिपाईणबाईला ठाऊक आहेत काय?

‘संस्थेची बदनामी होईल’, असे काहीजण म्हणतील. बदनामी तक्रारीने होत नाही, तक्रार दडपल्याने होते. ‘खोट्या तक्रारी येतील’, असे आणखी काही म्हणतील. चौकशीत दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूदही कायद्यात आहे. मग भीती कोणाला, आणि कशाची?

लैंगिक नसलेल्या छळाविरुद्ध सर्वांसाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, ही खरी उणीव आहे. म्हणूनच तेथे माणसांची साथ अधिक हवी. प्रत्येक घटना तारीखवार लिहून ठेवावी, तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. लैंगिक छळाची तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. साक्षीला बोलावले तर सहकाऱ्याने तोंड लपवू नये.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात मालकांना कामगाराच्या मानवी प्रतिष्ठेची जाणीव करून दिली होती. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. उद्या मुलगी न जेवता झोपली, तर तिला क्रूसाची आठवण देऊ नका. तिच्याजवळ बसा, कागद पुढे ठेवा आणि तक्रार लिहावयास तिला मदत करा. सिमोन कुरेनेकराने क्रूसाला हात लावला होता, उपदेश केला नव्हता.