घोषणा तोंडपाठ, युक्तिवाद कुठे आहे?

सीमाभागातील मराठी मुलाला घोषणा शिकवाव्या लागत नाहीत. त्या पाळण्यातच कानावर पडतात. पण १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला सायकल फेरीत घसा कोरडा करणाऱ्या आपल्याच पोराला घरी आल्यावर शांतपणे विचारून पहा, "तुझे म्हणणे काय, आणि त्याला आधार काय?" तो बहुधा चिडेल. चिडणे हे उत्तर नव्हे, हे त्याला आपण कधी सांगितलेच नाही!

हा विषय काढण्याचे कारण म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, 'क्लॅट'. ती २००८ पासून घेतली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून तिचे स्वरूप १२० मिनिटांत १२० प्रश्न असे आहे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे २२ ते २६ प्रश्न, तर्कशक्तीचा. एक उतारा द्यायचा आणि विचारायचे की लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याने न बोलता काय गृहीत धरले आहे, कोणत्या माहितीने त्याचे म्हणणे लुळे पडेल. आपल्या कित्येक घरांतून मुले या परीक्षेच्या क्लासला जातात, पालक कर्ज काढून फी भरतात. आणि क्लासमध्ये काय शिकवतात? "'सर्व', 'फक्त', 'कधीच नाही' असे टोकाचे शब्द दिसले की तो पर्याय खोडा." ही युक्ती 'उताऱ्यावरून काय अनुमान निघते' या प्रश्नाला बऱ्याचदा चालते. 'कोणत्या माहितीने युक्तिवाद दुबळा होतो' या प्रश्नात मात्र टोकाचा पर्यायच अनेकदा बरोबर असतो, आणि मुलगा पाव गुण गमावून येतो.

आम्ही काही मुलांना रविवारी सकाळी बसवून मराठीतूनच असे प्रश्न सोडवायला घेतले. एक प्रश्न असा होता. 'या गावातील मराठी शाळेची पटसंख्या दहा वर्षांत निम्मी झाली. म्हणजे गावकऱ्यांना मराठी नको आहे.' हे म्हणणे सर्वांत जास्त दुबळे कशाने होईल? पर्याय चार : (१) शाळेची इमारत जुनी आहे. (२) त्याच काळात गावातील सर्व माध्यमांच्या शाळांची पटसंख्या निम्मी झाली. (३) गावातील काही पालकांना कन्नड उत्तम येते. (४) मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

जवळजवळ सर्वांनी चौथ्यावर बोट ठेवले. बरोबर उत्तर दुसरे आहे. सगळ्याच शाळा सारख्या ओस पडल्या असतील, तर कारण मराठीचा कंटाळा नसून दुसरेच काही असणार. पोटासाठी झालेले स्थलांतर असेल, घटलेले जन्म असतील. एका मुलीने रागाने विचारले, "काका, चौथा पर्याय खरा आहे ना? मग चूक कसा?" खरा आहे, पोरी. पण गावकऱ्यांना मराठी हवी की नको, याच्याशी त्याचा संबंध नाही. खरे असणे वेगळे आणि लागू असणे वेगळे. आपल्या व्यासपीठांवरून होणारी निम्मी भाषणे या चौथ्या पर्यायासारखी असतात : खरी, टाळ्या घेणारी आणि मुद्द्याला न लागणारी!

हा खेळ आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर खेळायची हिंमत आपल्यात आहे का? महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ मध्ये. तिथे घोषणा चालत नाहीत. समोरचा पक्ष म्हणतो, महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला तो महाराष्ट्राच्याच आग्रहावरून, म्हणून १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानलाच पाहिजे. यावर आपण मुठी आवळतो. त्याऐवजी यातले गृहीतक शोधा. 'जो आयोग मागतो, तो त्याचा निर्णय आधीच मान्य करतो', हे ते न बोललेले गृहीतक. आयोगाची शिफारस म्हणजे निवाडा नव्हे, असे दाखवता आले तर तो युक्तिवाद डळमळतो. आणि समोरच्याने "तुमच्या नेत्यांनी तसा शब्द दिला होता" म्हटले, तर त्यालाही उत्तर तयार लागते. त्या उत्तराची तयारी आरडाओरड्याने होत नाही.

आता आपलाच युक्तिवाद तपासू. आंध्र आणि मद्रास यांची सीमा ह. वि. पाटसकरांनी 'खेडे हा घटक' धरून सुचवली आणि १९५९ मध्ये संसदेने तसा कायदा केला. तोच न्याय इथे लावा, असे आपण म्हणतो. हे साम्यावरून केलेले अनुमान. साम्य जितके घट्ट, तितके अनुमान मजबूत. विरोधी वकील विचारणार की तिथे दोन्ही राज्यांनी मध्यस्थ मान्य केला होता, इथे तशी संमती कुठे आहे? शिवाय राज्यांच्या सीमा बदलणे हे घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसदेचे काम आहे, हा आक्षेप आहेच. हे प्रश्न घरात विचारणाऱ्या मुलाला आपण 'फितूर' म्हणणार की उद्याचा वकील?

आपल्याकडे आणखी एक लाडका न्याय आहे. 'जो खरा मराठी, तो मोर्चाला येतो.' हे क्षणभर मान्य केले, तरी त्यातून 'मोर्चाला आला तो खरा मराठी' असे सिद्ध होत नाही. मोर्चात पुढे मिरवणाऱ्यांना निवडणुकीत उमेदवारी देऊन आपण किती वेळा फसलो, ते आठवा. तर्कातली ही एक चूक आपल्याला किती महागात पडली!

काही जण म्हणतील, परीक्षा इंग्रजीतून असते, मराठीत सराव कशाला? इंग्रजी लागतेच, तिला पर्याय नाही. पण गृहीतक ओळखण्याची नजर भाषेची मिंधी नसते. ज्या भाषेत मूल भांडते, त्याच भाषेत ती आधी तयार होते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही अनुमानाची पाच अंगे न्यायशास्त्राने केव्हाच सांगून ठेवली आहेत. महाराष्ट्राची विधी प्रवेश परीक्षा तर मराठीतूनही देता येते. आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात कर्नाटकात किमान दहा वर्षे शिकलेल्यांसाठी २५ टक्के जागा आहेत. त्या जागांवर इथल्या मराठी मुलांचाही हक्क आहे. तो सोडायचा का?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला आमचे सांगणे आहे. सभागृह रविवारी दोन तास मुलांना द्या. एक मराठी अग्रलेख आणि एक कन्नड वृत्तपत्रातील लेख समोर ठेवा. निष्कर्षाखाली रेघ, आधाराखाली दुसरी रेघ, न बोललेले गृहीतक समासात. आधी मराठीत, मग इंग्रजीत. वडीलधाऱ्यांना एकच विनंती : "मोठ्यांच्या तोंडी लागू नकोस" हे वाक्य त्या दोन तासांत उच्चारू नका.

सत्तर वर्षे आपण रस्त्यावर लढलो, ते व्यर्थ नाही. पण खटला न्यायासनासमोर आहे. आपल्या म्हणण्यातले भोक आपल्या पोरांनी आधी शोधले तर बुजवता येईल. ते समोरच्या वकिलाने शोधले तर उशीर झालेला असेल.

जय महाराष्ट्र!