परसबाग : कळलावी लावा, पण जपून

भाद्रपदात गौरीच्या सजावटीला कळलावीची फुलं हवीच. आधी हिरवट-पिवळी, मग केशरी आणि शेवटी लालभडक! सहाही पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या, म्हणून हिला अग्निशिखा म्हणतात. आपल्या डोंगरातली ही वेल कुंडीतही छान येते.

कंद मृगाच्या आधी लावावा. तो नांगरासारखा वाकडा असतो. टोकाशी असलेला डोळा फार नाजूक. तो मोडला तर ती बाजू उगवत नाही. भुसभुशीत, पाणी न साचणाऱ्या मातीत कंद आडवा, 2 इंच खोल ठेवावा. वेल पानांच्या टोकांनीच आधार धरते, तेव्हा जवळ बारीक काठ्या रोवाव्यात. फुलं संपली की वेल वाळते. मेली समजून कुंडी उपसू नका. पाणी मात्र थांबवा. कंद झोपलेला असतो.

आता माझी फजिती सांगते. गेल्या महाशिवरात्रीला कुंडी बदलायची म्हणून कंद काढले, पुसून ओट्यावर ठेवले आणि देवळात गेले. येऊन पाहते तो कंद उपासाच्या रताळ्यांबरोबर धुऊन पातेल्यात! गॅस पेटायचाच बाकी होता. "यंदाची रताळी वाकडीच आहेत गं," सासूबाई म्हणाल्या. माझे हातपाय गार पडले. चूक त्यांची नव्हे, माझी. सगळी रताळी टाकली आणि साबुदाण्यावर उपास केला.

कारण कळलावी सर्वांगी विषारी, त्यातही कंद आणि बिया जास्त. विषाची लक्षणं काही तासांनीही दिसतात. कुणाच्या पोटात गेलीच तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी-जुलाबांची वाटही पाहू नका. वेलीचा तुकडा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. बाळंतिणीच्या कळांसाठी कंद वापरायची जुनी रीतही विसरा. घरात रांगतं मूल असेल तर ही हौस पुढे ढकला.

कंद काढलेच तर चिठ्ठी लावलेल्या डब्यात, स्वयंपाकघराबाहेर ठेवा. हातही साबणाने धुवा. आणि डोंगरातून कंद उपटून आणू नका. औषधासाठी ते आधीच फार उपसले गेलेत. एखादीच्या अंगणातला मागून घ्या, किंवा बी पेरा. फुलाला काही वर्षं लागतील, लागू देत.

भांडणं लावणाऱ्या बाईला आपण कळलावी म्हणतो. ही कळलावी अंगणात राहिली तर गुणी. स्वयंपाकघरात शिरली तर मात्र घात करते, बरं का!