मांडवातील जिवंत पाने

लग्नसराईत मांडवशोभेच्या खर्चाची चर्चा आता नवी राहिलेली नाही. त्या शोभेचे दुसऱ्या दिवशी काय होते, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बालाघाट जिल्ह्यात लालबर्रा परिसरात वैशाखाचे ऊन असे की, सकाळी बांधलेल्या गुलाबाच्या माळा वरात दाराशी येण्यापूर्वीच माना टाकतात. त्यामुळे प्लॅस्टिकची फुले मंगलकार्यात शिरली. यावर रसाळ पानांची जिवंत रोपे शोभेत योजावी, ही सूचना आम्हांस विचारार्ह वाटते.

या वनस्पतींची थोरवी त्यांच्या काटकसरीत आहे. पानांवरील सूक्ष्म रंध्रे त्या उन्हात मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लरूपाने साठतो व दिवसा खर्ची पडतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते, ही बेंजामिन हाइन यांनी हिंदुस्थानातच केलेली नोंद १८१५ साली प्रसिद्ध झाली.

म्हणूनच असा तोडलेला तुरा पाण्यावाचून कित्येक दिवस टिकतो. पाश्चात्य देशांत वधूच्या गुच्छात कमळाच्या घडणीची एचेव्हेरिया याच गुणामुळे रुळली. ती मूळची मेक्सिकोची. वैनगंगेच्या खोऱ्यातील पावसात ती कुजण्याचाच संभव अधिक. तिचा हव्यास कशाला? परसातील पानफुटी व कोरफड आपणांस पुरेशी आहेत. त्याही मूळच्या येथील नव्हेत. पानफुटी मादागास्करची, कोरफड अरबस्तानची. पण दूरच्या मातीत रुजून तिथलेच होणे म्हणजे काय, हे आपल्या कुटुंबांना कोणी सांगावयास नको!

रीत सोपी आहे. तुरा थोड्या देठासह कापून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावा, म्हणजे जखम सुकते. मग बांबूच्या काडीस बांधून तोरणात गुंफावा. तो जड असतो, तेव्हा आधार भक्कम हवा. शेर व निवडुंग मात्र दूर ठेवावेत. शेराचा चीक डोळ्यांस घातक, निवडुंगाचे काटे पोरांच्या हातांस. पानफुटी गुरांना विषारी असल्याने तिची पाने गोठ्याकडे टाकू नयेत.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप येईल की, कुलाचार मोडू नये. तो आम्हांस मान्य आहे. देवक, मुहूर्तमेढ आणि आंब्याचे डहाळे यांच्या जागी दुसरे काही नको. बदलावयाची ती केवळ प्लॅस्टिकची आरास. किंबहुना मेढ रोवणे, डहाळे बांधणे यांमागे सजीव हिरवेपणाला साक्षी ठेवण्याचीच भावना आहे. कारखान्यातील फुलाने ती पुरी होत नाही.

कार्य उरकल्यावर तुरे रेताड मातीत लावावे. पानफुटीच्या तर पानाच्या कडेवरच नवी रोपे फुटतात. येणाऱ्या सुवासिनीस एकेक पान वाण म्हणून द्यावे आणि एक कुंडी पाठवणीत लेकीबरोबर जावी. माहेरच्या परसातले पान सासरच्या अंगणात रुजेल, याहून स्वस्त आणि टिकाऊ आहेर आम्हांस तरी सुचत नाही.