गैरहजरांचं मत चालत नाही, मग गैरहजरांची सभा कशी चालते?




‘आजची पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, गावाच्या भवितव्याचं त्यांना काय पडलंय,’ असा सूर गेल्या आठवड्यात याच सदरातल्या दोन पत्रांनी लावला. पत्रलेखक 26 जानेवारीला आमच्या ग्रामसभेत असते, तर डोकं कोण वर काढू देत नाही ते त्यांना दिसलं असतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. 26 जानेवारीची ग्रामसभा नेमकी त्या मधल्या काळात येते. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं. यंदा कॉलेजात जाणाऱ्या काही पोरापोरींनी ठरवलं, की गावचा पैसा कशावर खर्च व्हावा हे फडावरच्या माणसांनाही विचारायचं. तोडणीच्या टोळ्या रात्री कोपीवर (झोपड्यांवर) परतल्या की याच बदनाम मोबाइलवरून ते फोन लावायचे. फक्त टोळीच्या मुकादमालाच नाही, बायकांनाही विचारायचं असं त्यांनी ठरवलेलं. उत्तरं वहीत उतरवली. पुढे सभेत जिचा ठराव झाला, ती गावाच्या प्रवेशद्वाराची कमान एकानेही मागितली नाही. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करा, म्हणजे लेकरं फडावर न्यावी लागणार नाहीत, हे मात्र पुन्हा पुन्हा आलं. पोरांनी आधी केलेल्या यादीत पहिला होता वस्तीवरचा नळ. त्यावर एक बाई म्हणाली, आम्ही परततो तेव्हा विहिरीतच पाणी नसतं, नळातून काय येणार? पोरांनी यादी बदलली आणि विहीर वर घेतली.

ही वही सभेत वाचायला त्यांच्यातली एक पोरगी उभी राहिली, तर उत्तर मिळालं, ‘जे हजर नाहीत त्यांचं मत धरता येत नाही. खाली बस.’

ठीक आहे, नियमच बघू. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती. म्हणजे कितीही मोठ्या गावाला शंभर डोकी पुरतात. त्या दिवशी तेवढीही नव्हती. सभा तहकूब केली आणि तासाभराने त्याच मांडवात तहकूब सभा म्हणून पुन्हा भरवली, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. प्रवेशद्वाराच्या कमानीचा ठराव चहा येईपर्यंत मंजूर. गाव गैरहजर असलं तरी ठराव चालतो आणि त्याच गैरहजर गावाने कळवलेलं मत चालत नाही, हा कुठला न्याय? पोरं मतदान मागत नव्हती, नुसतं वाचू द्या म्हणत होती.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती झाल्याचं रजिस्टर सांगतं. त्यावर काही सह्या ऊस तोडायला गेलेल्या बायकांच्या आहेत. सही करायला गैरहजेरी आड येत नाही वाटतं!

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने आधी अभ्यासगटात चर्चा आणि मग सर्वसहमतीने निर्णय, अशी रीत पाडली आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. आमच्याकडे चर्चा करायला निघालेल्या पोरांना ‘राजकारण करू नका’ असं बजावलं जातं.

मग त्यांनी हे शिकायचं तरी कुठे? महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका 1994 च्या कायद्याने गेल्या, 2016 च्या कायद्याने कागदावर परत आल्या. 2019 मध्ये होणार होत्या, त्याही पुढे ढकलल्या. अठराव्या वर्षी खासदार निवडायची अक्कल येते, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडायची येत नाही, असा सरकारचा समज दिसतो. तेव्हा बेजबाबदारीचे धडे कोण देतंय, हे त्या दोन पत्रलेखकांनी सांगावं.

पुढची ग्रामसभा 1 मे रोजी आहे. तोवर टोळ्या परतलेल्या असतील आणि हजेरीची सबब उरणार नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी त्या सभेला स्वतः यावं, ती वही पूर्ण वाचू द्यावी आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. कमानीचा ठरावही त्याच सभेपुढे पुन्हा ठेवावा.

– एक ग्रामसभा सदस्य, जि. बीड
(नाव प्रसिद्ध करू नये)