टेरिकॉट : कापसाच्या गावातला खनिज तेलाचा धागा

खामगावची ओळख कापसाची. 1870 मध्ये जलंबहून इथवर रेल्वे आली ती कापसासाठीच. आज मात्र गणवेशापासून रोजच्या साडीपर्यंत सगळीकडे पॉलिएस्टर दिसते.

हा धागा शेतात पिकत नाही. खनिज तेलापासून मिळणारे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल यांच्यापासून, सुमारे 280 अंश सेल्सिअस तापमानात, घट्ट रस तयार होतो. बारीक छिद्रांतून तो दाबला की तंतू निघतात. पाण्याची बाटलीही याच पदार्थाची. कापसासोबत सूतगिरणीत चालावा म्हणून हा तंतू साधारण 38 मिलिमीटर लांबीचा कापतात. नेहमीच्या टेरिकॉटमध्ये 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के कापूस असतो. विदर्भातच, नागपूरजवळच्या बुटीबोरीत पॉलिएस्टरचा कारखाना आहे.

हे कापड लवकर वाळते, चुरगळत नाही, टिकते. पण घाम फारसा शोषत नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ते अंगाला जाणवते. धुताना सुटणारे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि सहजी कुजत नाहीत.

22 सप्टेंबर 2025 पासून कृत्रिम तंतूवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. कापड त्यामुळे स्वस्त होत असेल तर चांगलेच. पण गिरणीला मिश्रणाचे प्रमाण बदलता येते. पेरणी झाल्यावर शेतकऱ्याला पीक बदलता येत नाही. म्हणूनच हमीभावाने कापसाची वेळेवर खरेदी ही सरकारची जबाबदारी ठरते. ग्राहकाच्या हाती एवढेच : कापड घेताना लेबलवरची टक्केवारी वाचावी.