मुंबईंतील संसार : छपराचें मोल

विवाहाच्या बोलण्यांत वराचा पगार विचारण्याची चाल जुनीच आहे. हल्लीं वधूचाही विचारतात. दोन आंकड्यांची बेरीज होते, ‘मुंबईंत एवढ्यांत भागेल’ असा निर्वाळा कोणी वडीलधारें माणूस देतें आणि उभयपक्ष निश्चिंत होतात. आमच्या मतें येथेंच हिशेब चुकतो. मुंबईसारख्या महाग शहरीं संसारास किती मिळकत लागते, हें ठरवावयाचें तर छप्पर कोणाचें व त्याखालीं माणसें किती, हें आधीं विचारलें पाहिजे.

संसाराचा खर्च मोजण्याचें एक माप आपल्या देशांत १९५७ सालीं ठरलें. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनें कामगाराचें किमान वेतन ठरवितांना एका मिळवत्या माणसामागें कुटुंबाचा खर्च तीन पुऱ्या माणसांइतका धरला. प्रत्येकास रोज २७०० उष्मांकांचें अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, भाडें सरकारी औद्योगिक गृहयोजनेच्या किमान दराचें, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चास एकंदर वेतनाच्या शेंकडा २०, असा तो हिशेब होता. मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार, विवाह व वार्धक्याची तरतूद यांसाठीं शेंकडा २५ ची जोड १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें मिळाली. माप विचारपूर्वक केलेलें आहे. परंतु तें नवरा, बायको व दोन मुलें एवढ्यांचेंच. आपल्या घरांतील आजी-आजोबांचें पान त्यांत मांडलेलें नाहीं. शिवाय मुंबईंत जागेचा खर्चच बाकीच्या सर्व खर्चांना गिळून बसतो.

उदाहरणासाठीं तीन घरें घेऊं. तिन्ही घरांत महिन्याला दीड लाख रुपये हातीं येतात असें समजूं. पहिल्या दांपत्यानें शहरांतच जागा घेण्यासाठीं एक कोटीचें कर्ज, शेंकडा साडेआठ व्याजानें, वीस वर्षांच्या मुदतीनें काढलें. त्याचा मासिक हप्ता सुमारें ८६,८०० रुपये होतो. मुदतीअखेर एकंदर फेड दोन कोटी आठ लाखांवर जाते. घरखर्चास उरले ६३,२००. दुसऱ्या दांपत्यानें डोंबिवलीस जागा पाहिली व निम्म्या कर्जांत भागविलें. हप्ता ४३,४०० वर आला, हातीं १,०६,६०० राहिले. परंतु कचेरी दक्षिण मुंबईंत; जातां-येतां रोज तीन तास धरले तरी महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७५ तास, म्हणजे तीन अहोरात्रांहून अधिक काळ प्रवासांत जातो. तिसरें घर गिरगांवांतील चाळींत, आजोबांच्या नांवावरील दोन खोल्यांत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर बांधलीं गेलीं व १९९९ च्या कायद्यानेंही जुन्या भाडेकरूंचें संरक्षण चालू ठेवलें. त्यामुळें अशा कित्येक खोल्यांचें भाडें घरच्या दुधाच्या खर्चाहूनही कमी आहे. येथें दीड लाख जवळजवळ सगळेच शिल्लक. मात्र दोन खोल्यांत माणसें सहा.

तात्पर्य, मुंबईंत छपराचें मोल चुकत नाहीं. कोणी तें पैशानें देतो, कोणी वेळेनें, कोणी अडचण सोसून. घरांत तें नेमकें कोण देतें, हें मात्र सहसा कोणी पाहत नाहीं.

तिसऱ्या घरचे आजोबा काहीं कमावीत नाहींत असें आपण सहज म्हणतों. परंतु दरमहा पाऊणलाखाहून मोठा हप्ता ज्या छपरामुळें वांचतो, तें त्यांच्या नांवावर आहे. आजी नातवंडाला सांभाळते, म्हणून पाळणाघराचे पैसे वांचतात. असें असतां वहींत मात्र ‘आजोबांचीं औषधें’ एवढीच नोंद होते, आणि तीही कित्येकदां कपाळास आंठ्या घालून! उलट, त्याच दोन खोल्यांत सुनेस दार लावून घडीभर बसावयास जागा नसते. तिनें वेगळ्या जागेचा विषय काढला कीं घर फोडल्याचा बोभाटा होतो. वस्तुतः छपराचें मोल घरांत सर्वांत अधिक तीच देत असते, आणि तिच्या नांवावर जमेची एकही ओळ नसते.

म्हणून आमची सूचना अशी कीं, जमाखर्चाच्या वहींत रुपयांच्या रकान्याशेजारीं आणखी दोन रकाने असावे : प्रवासांत कोणाचे किती तास गेले, आणि घरांतील कोणाच्या कष्टामुळें वा मालकीमुळें काय वांचलें. वांचलेल्या पैशांतून प्रथम वृद्धांच्या आजारपणाची शिल्लक बाजूस काढावी. ती त्यांची मिळकतच आहे, उपकार नव्हे. ऐपत असल्यास तरुण जोडप्यास जवळच भाड्याची जागा घेऊन द्यावी. चार गल्ल्या पलीकडे चूल मांडली म्हणून कुटुंब दुभंगत नाहीं. दोन खोल्यांत धुमसत राहिल्यानें तें अधिक लवकर दुभंगतें.

आणि लग्न जुळवितांना पगार अवश्य विचारावा. परंतु त्यापाठोपाठ, घरांत माणसें किती, खोल्या किती व हप्ता किती, हेंही मुलीनें स्वतः, सर्वांसमक्ष विचारावें. त्यांत संकोच कसला? राहावयाचें तिलाच आहे.