कशावरून?

'बॉडीगार्ड' या ब्रिटिश मालिकेचा शेवटचा भाग मी आणि माझी धाकटी बहीण घरी एकत्र पाहत होतो. रात्रीचा एक वाजून गेला होता. खरा सूत्रधार कोण, यावर आमची पैज लागली होती. मी एका मंत्र्यावर संशय धरला होता, तिनं गुप्तचर खात्याच्या प्रमुखावर. भाग संपायला थोडाच वेळ उरला होता. बहीण पैज विसरली आणि पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "भाईजान, कुणीही निघू दे. नादिया नको निघायला."

नादियाच निघाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे त्या शेवटावर खूश होते. "काय ट्विस्ट दिलाय!" असं चाललं होतं. मीही हसलो, मान डोलावली. त्या खोलीत तो शेवट बघताना पोटात गोळा आलेला मी एकटाच होतो आणि हे कुणाला सांगावं असंही वाटलं नाही. सांगितलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं : अरे, मालिका आहे, एवढं काय मनावर घेतोस! हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही ते लिहायला हवं. (मालिका अजून पाहिली नसेल, तर इथून पुढे शेवट फुटणार आहे.)

'बॉडीगार्ड' बीबीसीवर २६ ऑगस्ट ते २३ सप्टेंबर २०१८ या काळात दाखवली गेली. एकूण सहा भाग. लेखक जेड मर्क्युरिओ. शेवटचा भाग त्या रात्री ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. नंतर ती नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडेही पाहिली गेली. कथेची सुरुवात रेल्वेत होते. अफगाणिस्तानातून परतलेला माजी सैनिक, आताचा पोलीस डेव्हिड बड, आपल्या मुलांसोबत लंडनला निघाला आहे. डब्याच्या शौचालयात त्याला अंगावर स्फोटकं बांधलेली एक घाबरलेली तरुणी सापडते. ती नादिया. नवऱ्यानं तिला हे करायला भाग पाडलं, असं आपल्याला वाटतं. बड तिच्याशी बोलत राहतो, तिला वाचवतो. या कामगिरीमुळे त्याला गृहमंत्री ज्युलिया मॉण्टेग्यू यांचा अंगरक्षक नेमतात. पुढे एका सभेत स्फोट होतो आणि त्यात त्या मरतात.

मग चाहत्यांचे तर्क सुरू झाले. गृहमंत्री मेल्याच नाहीत, कारण मृतदेह दाखवला नाही, असं मानणारे असंख्य होते. कुणी मंत्र्यावर, कुणी गुप्तचर खात्यावर, कुणी नोकरीवरून काढलेल्या सहायिकेवर बोट ठेवलं. नादियाचं नाव घेणारेही होते. पुढच्या भागाची वाट बघताना लोकांनी प्रत्येक दृश्य थांबवून थांबवून तपासलं. या खेळाला माझा विरोध नाही. मी स्वतः तो खेळतो. लहानपणी 'सीआयडी' बघताना पहिल्या पाच मिनिटांत खुनी ओळखायचा, ही आमच्या घरातली स्पर्धाच होती. अब्बा नेहमी हरायचे.

शेवटच्या भागात नादिया चौकशीच्या खोलीत चेहरा बदलते. भीती गळून पडते. आपण इंजिनिअर आहोत, सगळे बॉम्ब आपणच बनवले, गुन्हेगारी टोळीला विकले आणि तो पैसा जिहादसाठी होता, असं ती सांगते. तुम्ही मला बिचारी मुस्लिम बाई समजलात, हा टोमणाही मारते.

या शेवटाची बाजू घेणारे म्हणतात की हा तर साचा मोडला. दबलेली बाई म्हणून जिच्याकडे बघितलं, ती हुशार निघाली, सगळ्यांना पुरून उरली. इथेच माझं भांडण आहे. ट्विस्ट कशावर चालतो? लेखक प्रेक्षकाला एका वाटेनं नेतो आणि शेवटी दुसऱ्याच ठिकाणी आणून सोडतो. त्यासाठी प्रेक्षकाच्या डोक्यात वाटा आधीच पडलेल्या असाव्या लागतात. मुस्लिम बाईबद्दल अशा दोन वाटा तयार आहेत. एक, ती दबलेली असते. दोन, मुसलमान म्हटलं की बॉम्ब. लेखकानं पाच भाग आपल्याला पहिल्या वाटेनं चालवलं आणि शेवटी दुसऱ्या वाटेवर आणून सोडलं. एका साच्यातून उचलून दुसऱ्या साच्यात टाकलं. साचा मोडला कुठे? आणि हुशारी दाखवायची तर ती इंजिनिअरिंगची पदवी फक्त बॉम्ब बनवायलाच कामी आली. मीही इंजिनिअर आहे. माझी पदवी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात खर्च होते. पण त्यावर कोण मालिका काढणार!

चाहत्यांच्या खेळाचा एक जुना नियम आहे : सगळ्यात साधा दिसतो, तोच खुनी. हा नियम डॉक्टरला, शेजाऱ्याला, वकिलाला लावला तर गंमत असते, कारण मालिका संपल्यावर खऱ्या डॉक्टरकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही. मुस्लिम पात्राला लावला की त्याचे दोन्ही दरवाजे बंद होतात. तो दोषी निघाला तर "वाटलंच होतं." निर्दोष दिसला तर "थांबा, अजून भाग बाकी आहेत." त्याचं निर्दोष असणं हे कधी अंतिम ठरतच नाही. ते फक्त पुढच्या ट्विस्टची तयारी ठरतं. ही नजर मालिका संपल्यावर टीव्हीबरोबर बंद होत नाही. भाड्याचं घर शोधताना ती आपल्यातल्या अनेकांना भेटली आहे.

यावर काहीजण विचारतील, मग काय मुस्लिम पात्रं नेहमी सज्जनच दाखवायची? दहशतवादी संघटनांत मुसलमान नाहीत का? आहेत. त्यांच्या हिंसेविरुद्ध आपण आडपडदा न ठेवता बोललंच पाहिजे. आणि नाही, मला सज्जन पात्रं नको आहेत. पैशासाठी खून करणारा सलीम मला चालेल. जमिनीच्या वादात भावाला फसवणारी रुखसानाही चालेल. इतर पात्रांना गुन्हा करायला लोभ, मत्सर, भीती अशी माणसाची कारणं मिळतात, तशीच आमच्या पात्रांनाही मिळावीत, इतकंच मागणं आहे. मर्क्युरिओंना नादियासाठी असं कारण शोधावं लागलं नाही. एक शब्द पुरला.

हे वेगळ्या पद्धतीनं करता येतं, याचा पुरावा आहे. २०१६ साली एचबीओवर 'द नाइट ऑफ' ही आठ भागांची मालिका आली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला पाकिस्तानी वंशाचा विद्यार्थी नासिर खान एका रात्री वडिलांची टॅक्सी घेऊन निघतो. एका मुलीच्या घरी जातो. जाग येते तेव्हा ती मुलगी भोसकलेली असते. ही भूमिका रिझ अहमद यांनी केली आणि त्यासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. याही मालिकेच्या चाहत्यांनी संशयितांच्या याद्या केल्या : सावत्र बाप, शववाहिकेचा चालक, रस्त्यावर भेटलेले दोघे. पण मालिका या खेळाच्या पुढे जाते. नासिरची बाजू लढवणारा वकील त्यानं खून केला की नाही यापेक्षा सरकार पक्षाकडे काय पुरावा आहे, हे बघत राहतो. शेवटी ज्यूरीत सहा विरुद्ध सहा मतं पडतात आणि सरकारी वकील पुन्हा खटला चालवत नाही. नासिर सुटतो, पण तुरुंगानं तो पार बदललेला असतो. बापाची टॅक्सी जप्त झालेली, घर मोडकळीला आलेलं. खुनी कोण याचा धागा मालिका देते, पण शेवटी मनात राहतं ते या घराचं झालेलं नुकसान.

एक प्रश्न 'कोण?' दुसरा प्रश्न 'कशावरून?' दोन्ही मालिकांतला फरक या दोन प्रश्नांतला आहे.

आपल्याकडचं उदाहरणही बघा. 'द फॅमिली मॅन'चा पहिला सीझन २० सप्टेंबर २०१९ रोजी आला. मुंबईत घडणारी गोष्ट, मनोज वाजपेयींचा श्रीकांत तिवारी आपल्यातल्या अनेकांचा लाडका. त्या मालिकेनं चाहत्यांना एक प्रश्न दिला आणि तो वर्षानुवर्षं चघळला गेला : लोणावळ्यात काय झालं? श्रीकांतची बायको आणि तिचा सहकारी यांच्यात त्या रात्री काय घडलं, यावर विनोद झाले, तर्क झाले, पैजा लागल्या. मीही दोन-तीन तर्क मांडलेत.

त्याच सीझनमध्ये करीम नावाचा एक कॉलेजचा मुलगा आहे. त्याच्यावर दहशतवादी असल्याचा संशय येतो. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात निषेधाचा एक आचरट बेत असतो, हत्यार नसतं. नायकाचं पथक त्याला गोळ्या घालतं आणि नंतर सत्य दडपलं जातं. हे दाखवल्याबद्दल निर्मात्यांना श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच सीझनमध्ये मूसा आहे. साधा, आईसाठी जीव तुटणारा मुलगा वाटतो आणि ट्विस्ट येतो की कटाचा खरा म्होरक्या तोच. दुसऱ्या सीझनमध्ये श्रीकांतच्या मुलीचा मित्र कल्याण हा प्रत्यक्षात सलमान निघतो. नाव बदलून मुलीला जाळ्यात ओढणारा मुसलमान हा आरोप आपल्या वस्त्यांत काय करून जातो, हे तुम्हाला सांगायला नको. करीमच्या गोष्टीत 'कशावरून?' हा प्रश्न होता. मूसा आणि सलमानच्या गोष्टीत पुन्हा 'कोण?' आला. आणि आपण चाहते? आपण लोणावळ्याला गेलो.

आता बोट आपल्याकडे वळवतो. 'कोण?'चा नाद आपल्यालाही आहे. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर दर आठवड्याला एखादा तर्क फिरतो : अमुक घटनेमागे तमुक देश, अमुक नेत्यामागे तमुक एजन्सी. पुरावा काय, तर एक व्हिडिओ, त्यावर लाल गोल आणि बाण. चाहत्यांच्या तर्काची हीच पद्धत आहे. आपल्यावर संशय घेणाऱ्यांचा आपल्याला राग येतो, पण त्यांचंच हत्यार आपण बिनधास्त वापरतो. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याची ताकीद आहे आणि संशयापासून दूर राहण्याचीही. जुम्म्याला हे ऐकून आपण मान डोलावतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरताना फॉरवर्डचं बटण दाबतो.

माझ्या कामात याची किंमत लगेच कळते. रात्री दोनला सिस्टिम बंद पडते तेव्हा कॉलवर पहिला प्रश्न 'कुणी केलं?' असा येतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात नवीन पोराचं नाव पुढे होतं. ज्या टीमला शहाणा प्रमुख मिळतो, तिथे तो म्हणतो, लॉग दाखवा. बिघाड पुन्हा घडवून दाखवा. कारण चुकीच्या माणसाला धरलं तर खरी चूक कोडमध्ये तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सिस्टिम पाडते.

हे फक्त सॉफ्टवेअरपुरतं खरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. त्यातला एक जण २०२१ मध्ये कैदेतच वारला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयानं या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

'बॉडीगार्ड'चा गुंता नादियाच्या कबुलीजबाबानं सुटतो आणि आपण टाळ्या वाजवतो. इथे कबुलीजबाबांवर उभा राहिलेला खटला १९ वर्षांनी उच्च न्यायालयात कोसळला. ती १९ वर्षं त्या घरांना परत कोण देणार? आणि उच्च न्यायालयाचा निकाल टिकला, तर त्या लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांच्या हातात काय उरतं? त्यांचा 'कोण?' हा प्रश्न सगळ्यात खरा होता. 'कशावरून?' नीट विचारलं गेलं नाही, म्हणून तोही अनुत्तरित राहतो. गाडीत गेलेल्यांमध्ये सगळ्या धर्मांची माणसं होती.

म्हणून माझं म्हणणं मालिका बंद करा असं नाही. बहिष्काराच्या हाका आपण खूप दिल्या, त्यातून काही हाती लागलं नाही. मालिका बघा, पैजा लावा, तर्क लढवा. फक्त पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी संशयिताचं नाव टाकलं की खाली एक शब्द लिहा : कशावरून? नाव आपल्यातल्याचं असो, परक्याचं असो, आवडत्या पक्षाचं असो वा नावडत्या. आणि ऑफिसात सगळे ट्विस्टवर खूश असताना पोटात गोळा आला, तर माझ्यासारखे मान डोलावून गप्प बसू नका. मला तो ट्विस्ट का खटकला, हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. फार तर पाच मिनिटं लागली असती. त्या खोलीतल्या एकदोघांनी तरी ऐकलं असतं.

बहीण आता स्वतः वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा आम्ही नवी मालिका सुरू केली. पहिल्या भागात मी संशयिताचं नाव जाहीर केलं. तिनं पॉज दाबलं आणि माझ्याकडे बघून तोच शब्द विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.